राक्षसाच्या उडीसाठी बाक

मी केलेलं बाक भर नाटकात मोडलं तेव्हा आमचा अख्खा वाडा, सगळी वस्ती, समोर बसलेली होती. त्यात माझी बायको होती, साखळीहून जत्रेला आलेला तिचा भाऊ होता, आणि ज्यांच्याशी माझं गेली कित्येक वर्षं पटत नाही असे दोन चुलत भाऊही होते. राक्षस आरोळी ठोकून बाकावर चढला, दोन्ही पाय उचलून त्याने उडी मारली, आणि फळी मधोमध फाटून तो गुडघ्यापर्यंत आत गेला. लोकांना वाटलं हे नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दशावतारी नाटकाला सामान असं फारसं लागतच नाही. मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग, झांज, आणि मधे एक बाक. तेच बाक इंद्राचं सिंहासन, तेच कैलास, तेच ऋषीची शिळा, आणि राक्षस आला की तोच त्याचा गड. बाक गावाने द्यायचं असतं. मी जन्मापासून कोरगावातली ही नाटकं बघतोय, राक्षस बाकावर कसे थैथै नाचतात हे मला झोपेतही सांगता येईल. तरी बाक करताना मी चार माणसं नीट बसतील एवढाच विचार केला! वास्कोच्या बंदरातल्या कचेरीत ज्याने सगळी नोकरी खुर्चीवर काढली, त्याला बाक म्हणजे बसायची वस्तू वाटणारच. निवृत्त होऊन गावी आलो, मोबाईलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघितले, आणि प्लायवूडला आंब्याचे पाय ठोकून वर चकचकीत सनमायका चिकटवला. दिसायला इतकं देखणं की देवस्थानाच्या अध्यक्षांनी मला नारळ देऊन सत्कार केला. नारळ आम्ही खाल्ला, बाक राक्षसाने खाल्लं.

हसण्यावारी नेतोय, पण त्या माणसाचा घोटा मुरगळला होता आणि पोटरीत प्लायवूडची ढलपी घुसली होती. उरलेलं नाटक त्याने लंगडत, पण एकही शब्द न गाळता पुरं केलं. तोंडाचा रंग पुसत बसला होता तेव्हा मी माफी मागायला गेलो.

"जावंदे हो भाऊ," तो म्हणाला, "पण पुढल्या वर्सा कोरगावात मी बाकार चडूचंय नाय. जमनीर उभो रवान राक्षस करतलंय."

तो रागावला असता तर मी चार शब्द ऐकून मोकळा झालो असतो. तो शांतपणे बोलला, आणि ते माझ्या छातीत वर्षभर रुतून बसलं. जमिनीवर उभा राहिलेला राक्षस! शेजारच्या गावांनी आम्हाला काय काय म्हटलं असतं याची कल्पना पेडण्यातल्या माणसालाच येईल. आमच्या वाड्याने तर वाट कुठे पाहिली? मी कोणाच्याही घरी गेलो की खुर्ची पुढे करून म्हणत, "बस मरे, ह्यां कदेल तुया केल्लां न्हय." मी तोंडावर हसायचो आणि घरी येऊन बायकोवर डाफरायचो.

गणपतीची चवथ झाल्यावर देवळात बैठक बसली. यंदा भाड्याने लोखंडी टेबल आणावं असं ठरत आलं होतं. मी उठलो आणि म्हणालो, "बाक मीच करणार. लाकडाचं. आणि तो राक्षस त्यावर उडी मारणार." कोणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. माझं डोकं तापलं आणि तापलं की माझं तोंड धरबंद सोडतं. "बाक मोडलं तर पुन्हा या देवळाच्या पायरीवर बसणार नाही," असंही बोलून गेलो. बायको मागे बायकांत बसली होती. तिने कपाळाला हात लावला.

देवळामागच्या देवाच्या राईतला एक जुना फणस दोन पावसाळ्यांपूर्वी वाऱ्याने आडवा झाला होता. तेव्हा झाडतोड्यांनी मोटारीच्या करवतीने त्याच्या जाडजूड फळ्या पाडून देवळाच्या अग्रशाळेच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, पडवीत रचल्या होत्या. बऱ्याचशा वाळवीने खाल्ल्या. एकच धड उरली होती: सात फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वादोन इंच जाड, दोन्ही कडांना साल तशीच. तिच्यासाठी देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार, आणि लाकूड मला मिळालं.

साखळीला मेहुण्याचा फर्निचरचा कारखाना आहे. तिथे टेबलात बसवलेली भलीमोठी करवत आहे, तिच्यावर लाकूड ढकललं की दोऱ्यासारखं सरळ चिरून पलीकडे पडतं. त्याने फोनवर सांगितलं, "भावजी, टेम्पोत घालून पाठवा. चहा थंड व्हायच्या आत चिरून देतो." मी टेम्पो बोलावलाही. पण राईतलं लाकूड गावाची शीव ओलांडत नाही, हा आमच्याकडचा नियम. जळणाची काटकीसुद्धा कोणी बाहेर नेत नाही. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत, मलाही माहीत, पण मी टेम्पोत फळी चढवेपर्यंत ती माझ्या डोक्यात आली नाही. पुजाऱ्याने येऊन टेम्पोच्या चाकासमोर आपली छत्री आडवी धरली. फळी परत पडवीत उतरली.

मेहुणा फोनवर हसला. "मग आता हाताने चिरणार? सात फूट? फणस?" मी म्हटलं, "हो, हाताने." फोन ठेवल्यावर मला घाम फुटला.

पहिला प्रयत्न मी हाताने केलाच नाही. माझ्याकडे लाद्या कापायचं छोटं मशीन होतं, त्याला लाकडाचं पातं बसवलं. मेहुण्याने आधीच बजावलं होतं की असल्या मशीनवर लाकडाचं पातं लावायचं नसतं, उसळून हाताबिताला लागतं. मी ऐकलं नाही. पातं सव्वा इंचाच्या वर खोल जाईना. मग मी हुशारी केली. सालीच्या कडेपासून तीन इंच मोजून एका बाजूने चीर घातली, फळी उलटली, पुन्हा कडेपासून तीन इंच मोजून दुसऱ्या बाजूने घातली. दोन्ही चिरा पोटात मिळतील आणि पट्टी सुटेल, असा हिशेब होता. पट्टी सुटली नाही. पहारीने उचकटली तेव्हा कडेला पायरीसारखा टप्पा निघाला. झाडाची साल वरून एक जाते, खालून एक, ती काही पट्टीने आखलेली नसते. दोन वेगळ्या कडांपासून मोजलेल्या रेघा एकमेकींना भेटतील कशा?

माझ्या शेजारी एक म्हातारे मेस्त राहतात. आमच्या वाड्यातली अर्धीअधिक दारं-जनेलं त्यांच्या हातची. आता हात थरथरतात, डोळ्यांना धूसर दिसतं, म्हणून काम सुटलं. त्या दिवशी ते काठी टेकत पडवीत आले तेव्हा मी त्या मशीनला आईबहिणीवरून शिव्या घालत होतो.

"मशीनाक कित्याक गाळी घालतंस?" ते म्हणाले. "तू दाखयलंस थंय तां गेलां."

मी पहार टाकली आणि तणतणत घरी गेलो. जेवायलाही बसलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "माझ्या भावाला फोन लावू का? निदान पुजाऱ्याशी तरी बोलेल तो." मी उठलो, चप्पल घातली आणि पुन्हा पडवीत गेलो. माझ्या स्वभावाची किल्ली तिला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात सापडली होती.

मेस्तांनी तोवर नातसुनेकडून आपली करवत मागवून घेतली होती. हातभर लांब, गंजलेली, मूठ मात्र घासून गुळगुळीत. माझी बाजारातली नवी करवत त्यांनी बोटाने चाचपून बाजूला सारली. ती आडवं कापायची, तिचे दात सुरीसारखे. फळी उभी चिरायची तर दात छिन्नीसारखे हवेत, पुढून उभे, एकेक चिमूटभर लाकूड खरवडत नेणारे. हे त्यांनी मला शिकवलं, आणि दात घासायला तिधारी कानस हातात दिली. दोन दिवस मी दात घासत होतो. एकेक दात झाला की मेस्त त्यावर अंगठा फिरवायचे. डोळ्यांनी दिसत नव्हतं, अंगठ्याला सगळं दिसत होतं. "ह्यो आखूड," म्हणायचे, आणि मी पुन्हा सगळी ओळ त्याच्या मापाला आणायचो. एक-दोनदा मी चिडून म्हटलंही की एवढ्याने काय फरक पडतो. त्यांनी करवत परत माझ्या मांडीवर ठेवली.

मग सूत. चिऱ्यांच्या खाणीतली लाल माती पाण्यात कालवली, दोरी त्यात बुडवली, फळीच्या दोन टोकांना खिळ्यांवर ताणली. मी मधे धरून ओढून सोडली तर रेघ जाड आणि पोटात वाकलेली उठली. "वयर ओढ. सरळ वयर. तू कुशीक ओढतंस," मेस्त म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा बायको पुढे आली. तिने पदर खोचला, दोन बोटांनी दोरी उचलली आणि सोडली. एकच टण् असा आवाज झाला, आणि सात फूट लांब, केसासारखी बारीक, लालबुंद रेघ फळीवर उमटली. आयुष्यभर अबोलीचे वळेसर गुंफलेली बोटं ती! मेस्तांना रेघ दिसली नसावी, पण आवाज ऐकून त्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून सूत मारायचं काम बायकोचं झालं. मला दोरीला हात लावायला बंदी होती.

फळी जांभ्या दगडाच्या दोन चिऱ्यांवर ठेवली, एक गुडघा तिच्यावर रोवला आणि करवत लावली. पहिल्या फुटाला मला वाटलं, हे या जन्मी होणार नाही. दंडात गोळे आले. फणसाचं लाकूड जरा पुढे गेलं की मागची चीर आवळून धरायचं आणि करवत चावल्यासारखी अडकायची. मेस्तांनी चिरेत लाकडाची पाचर ठोकायला लावली, पात्याला खोबरेल फासायला लावलं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली: "दाबू नाका. करवतीचां वजन करवतीक पुरता." मी आयुष्यात प्रत्येक गोष्ट दाबूनच करत आलो. फायली, कारकून, मुलं, बायको, सगळ्यांवर दाब. हात सैल सोडला तेव्हा करवत आपणहून चालायला लागली. पिवळाधमक भुसा माझ्या पायांवर पडत राहिला, अंगणात उन्हं कलली, आणि शेवटच्या वितीला सालीची पट्टी कर्रकन वाकून खाली पडली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण देवळातल्या घंटेखाली झोपलेलं कुत्रं पळून गेलं. गुण्या लावून बघितलं. कड सरळ होती! ती बायकोला दाखवली, मेस्तांच्या हाताला लावली, पुजाऱ्याला गाभाऱ्यातून बोलावून दाखवली. मेहुण्याला फोटो पाठवला. त्याने फक्त एक अंगठा पाठवला. तेवढ्याने माझी छाती चार बोटं फुगली.

एक काप एक दिवस, असे चार काप होते. दोन सालीच्या कडांचे, त्यातच मशीनने केलेला टप्पाही गेला, आणि दोन मधल्या गाभ्याच्या दोन्ही अंगांनी, कारण गाभ्यातूनच लाकूड तडकतं आणि ती पट्टी काढून टाकल्याशिवाय बाकाला बळ नाही. तिसऱ्या दिवशी माझा दाब परत आला. वाड्यातली चार माणसं बघायला उभी होती, त्यांना दाखवायला मी घाई केली आणि करवत रेघ सोडून बाहेर गेली. थोडीशीच. मेस्तांनी आवाजावरून ओळखलं. "रव. भायर गेलंस." मी ती जागेवरच पिरगळून रेघेत आणायला निघालो होतो. त्यांनी करवत मागे घ्यायला लावली, पातं जवळजवळ आडवं झोपवून जुन्या रेघेवरून पुन्हा चालवायला लावलं, आणि ती हळूहळू रुळावर आली. चारही माणसं निघून गेली.

चौथ्या कापात बरोबर मधे गाठ होती, मुठीएवढी. एका बाजूने गेलं तर करवत गाठीवर चढून वाकडी होणार. मेस्त म्हणाले, दोन्ही टोकांकडून ये, गाठीत गाठभेट घाल. म्हणजे पुन्हा तेच! दोन दिशांनी आलेल्या दोन चिरा, आणि पोटात भेटायचं. या वेळी मी कडेपासून काही मोजलं नाही. बायकोने एकच रेघ मारली, टोकांवरून गुण्याने ती खाली उतरवली, आणि उलट्या बाजूवर त्याच दोन खुणांमधून दुसरी मारली. सकाळी एका टोकाकडून गाठीपर्यंत आलो. जेवून दुसऱ्या टोकाकडून निघालो. गाठ जवळ आली तशी करवत जड झाली, भुसा काळपट यायला लागला. मेस्त फळीवर तळवा टेकून बसले होते. बायको पाचर धरून होती. एकाएकी हाताखालचा अडसर गेला, करवत पुढे सुळकन सरकली, आणि फळीचे दोन भाग अलग झाले. पडलेल्या कडेवर मी बोट फिरवलं. गाठीपाशी काहीही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. मग मी तिथेच भुश्यात बसलो आणि मला रडू आलं. आनंदाचंच होतं, लाजायचं कारण नाही. बायको म्हणाली, "नाक पुसा, लाकडावर पडेल."

पुढचं काम रंध्याचं, दोन्ही फळ्या कडेला कड लावून सांधायचं आणि पायांचं. पाय त्याच फणसाच्या फांदीचे, त्यांची टोकं फळ्यांतून आरपार वर काढून पाचरी मारल्या. खिळा एकही नाही. बाक उभं राहिलं तेव्हा पिवळंजर्द दिसत होतं. मी अग्रशाळेत नेऊन दार आतून लावलं आणि त्यावर तीस उड्या मारल्या. साठी उलटलेला माणूस! दार उघडलं तर बाहेर मेस्त आणि बायको उभे. पण माझं वजन ते काय, आणि सहा फुटी राक्षसाचं काय. शंका गेली नाही.

जत्रेच्या दिवशी उन्हं उतरायला लागली आणि नाटकमंडळीचा टेम्पो आला. तो माणूस उतरला. घोटा बरा दिसत होता. मंडपात बाक ठेवलेलं होतं. त्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खालून बघितलं, बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. "कोणी केलां?" त्याने विचारलं. खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. "मीच," मी म्हटलं. तो रंगायला निघून गेला.

तेवढा वेळ मला उभं राहायला जागा सापडेना. चुलत भाऊ आले होते. मेहुणा आला होता, बाकाच्या कडेला एक डोळा मिटून बघत होता. "भावजी, ही कड मशीनची नाही?" त्याने हळूच विचारलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्या वाक्यावर आठवडाभर जगलो असतो. त्या क्षणी मला फक्त पडद्यामागचा माणूस दिसत होता.

तो बाहेर आला तेव्हा अर्ध्या तोंडालाच लाल रंग होता, कमरेला लुंगी, अनवाणी. बाकाला हात लावून तो हात त्याने कपाळाला लावला. मेस्त तिथेच खाली बसले होते, त्यांनी आपला थरथरता तळवा बाकाच्या एका पायावर टेकला. तो चढला. चढून जरा थांबला. मग दोन्ही पाय उचलून, गेल्या वर्षी मारली होती तशीच, त्याने उडी मारली.

बाक जड, भरीव वाजलं. त्याने पुन्हा उडी मारली. पुन्हा मारली. मग आरोळी ठोकली, रंग न लावलेल्या अर्ध्या तोंडाने हसत.

"जाग्यार आसा," खालून मेस्त म्हणाले. "हाललां नाय."

"भाऊ," तो मला म्हणाला, "राक्षस ह्याच बाकार करतलंय." आणि वरून हात पुढे केला. "आता तुमी येवा वयर."

मी मागे सरकत होतो. बायकोने पाठीत ढकललं. त्याने मला हाताला धरून वर ओढलं, आम्ही दोघांनी एकदम उडी मारली, आणि समोरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी त्या कशाला वाजवायच्या हे त्यांना नीट माहीत होतं.